सलोह काँक्रीटची वखार (कोकण किनारा)

काँक्रीटमध्ये पोलादी सळया घालून बांधलेले मालाचे गुदाम. वेंगुर्ल्याच्या १७ व्या शतकातील डच वखारीसारख्या कोकणातील जुन्या वखारी दगडी होत्या. छोट्या बंदरांत पुढेही जांभ्याच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर कौले हाच बेत चालला. काँक्रीटची गुदामे किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात उभी राहिली ती मुंबईत, कापसासाठी.

कापसाचा बाजार १८४४ मध्ये कोटातून (फोर्ट) कुलाब्याला हलला. गाठीच्या पोटात धुमसणारी आग बाहेरून कळत नाही आणि लाकडी छपराला ती पुरून उरते. १९२० च्या दशकात पोर्ट ट्रस्टने शिवडीला भरावाच्या जमिनीवर नवे आगार वसवले. तिथली गुदामे सलोह काँक्रीटची होती.

तंत्र युरोप-अमेरिकेतून आले. फ्रान्स्वा हेनेबिक या फ्रान्समधल्या बांधकाम व्यावसायिकाने १८९२ मध्ये खांब, तुळई आणि स्लॅब एकसंध ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. अमेरिकन अभियंता टर्नरने १९०६ मध्ये मिनीॲपोलिसला आणि स्विस अभियंता माइयारने १९१० मध्ये झुरिचच्या एका वखारीत तुळयाच काढून टाकल्या. खांबाचा माथा छत्रीसारखा पसरवून स्लॅब थेट त्यावर टेकवला. तुळई आडवी येत नसल्याने माल छतापर्यंत रचता येतो, सेंट्रिंगही (काँक्रीट ओतण्याचा तात्पुरता साचा) सोपे होते.

सिमेंट आधी विलायतेहून बोटीने येई. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी हे तेव्हा सर्रास वापरले जाणारे प्रमाण. सळया साध्या गोल, आणि स्लॅबच्या सळयांखाली काँक्रीटचा थर जेमतेम अर्धा इंच.

किनाऱ्यावर हाच थर नडला. खारी हवा आणि न धुतलेली खाडीची वाळू यांतले क्लोराइड (मिठातला घटक) सळईपर्यंत पोचते. गंजलेले लोखंड फुगते आणि स्लॅबच्या तळाचे पोपडे सुटतात. आगीला पुरून उरलेली इमारत अशी मिठाने खंगते. जांभा-चुन्याच्या भिंतीत गंजायला लोखंडच नसते, ही त्या जुन्या बांधणीची मोठीच सोय. दुरुस्तीत सैल काँक्रीट फोडून सळया घासतात आणि नवा थर चढवतात, पण क्लोराइड मुरलेले जुने काँक्रीट शेजारी राहिले तर ठिगळाच्या कडेलगतची सळई पूर्वीपेक्षा झपाट्याने गंजू लागते.