बीअरचा आकडा अडकतो तेव्हा

"मामा, यीस्ट मेलंय बहुतेक."

मेलबर्नहून भाच्याचा फोन. तिथे घरी बीअर करायला मोकळीक आहे. आपल्याकडे विनापरवाना असलं काही केलं तर १९४९चा दारूबंदी कायदा आड येतो, त्यामुळे माझा अनुभव कोथरूडच्या स्वयंपाकघरातल्या साखरेच्या पाण्यापुरता. तर त्याच्या धान्याच्या गोड रसाचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत जडपणा, पहिल्या दिवशी १.०५० होतं. बाराव्या दिवसापर्यंत ते १.०१०च्या आसपास उतरायला हवं होतं, पण चार दिवस ते १.०२४वर ठाण मांडून बसलेलं. घाबरून त्याने यीस्टचं आणखी एक पाकीट ओतलं होतं.

"मोजलंस कशाने?"

"रिफ्रॅक्टोमीटरने. दोन थेंबांत काम होतं."

मग यीस्ट मेलं नव्हतं, हे मला फोनवरच कळलं.

पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १. त्यात साखर विरघळली की द्रव जड होतो आणि काचेचा हायड्रोमीटर त्यात जास्त वर तरंगतो. यीस्ट साखर खातं, आकडा खाली येतो. दुधाचा लॅक्टोमीटर याचाच भाऊ, आणि त्याची फजिती जुन्या दूधवाल्यांना पाठ होती. पाणी घातलं की दूध हलकं होतं, साय काढली की जड होतं. दोन्ही बेताने केलं की लॅक्टोमीटर खूश! उपकरण साखर किंवा साय मोजत नाही, ते अख्ख्या द्रवाचा जडपणा मोजतं. बाकीचा अर्थ आपण लावतो.

तापमानही या खेळात असतंच. एप्रिलमध्ये मी १२५ ग्रॅम साखर घेऊन पाणी घालत वजन बरोबर एक किलो केलं. पुस्तकी उत्तर १.०५०. माझा हायड्रोमीटर मात्र १.०४६ आणि १.०४७च्या मध्ये थांबला. वजनकाट्यावर शंका घेऊन झाली, मग थर्मामीटर बुडवला: ३४ अंश. हायड्रोमीटरच्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरात २० अंश लिहिलेलं. पुण्याच्या उन्हाळ्याने चार हजारांश असे सहज गिळले. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे घट्ट रसात वरून पाणी ओतून नीट न ढवळता नमुना घेणं. तळाच्या तोटीतून घेतला तर आकडा फुगतो, वरून घेतला तर पडतो. ढवळा, संपलं.

खरी गंमत अल्कोहोलची. ते पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.७८९. म्हणजे यीस्ट नुसती साखर कमी करत नाही, तिच्या जागी पाण्याहून हलकं काहीतरी आणून ठेवतं. त्यामुळे हायड्रोमीटर गरजेपेक्षा जास्त बुडतो आणि उरलेली साखर लपवतो.

रिफ्रॅक्टोमीटर वजनाच्या वाटेला जात नाही, तो प्रकाश किती वाकतो ते बघतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, साखरेने तो वाढतो. हलक्या अल्कोहोलने तो कमी व्हावा असं वाटेल, पण शुद्ध अल्कोहोलचा अपवर्तनांक १.३६१ आहे! कारण प्रकाशाची गाठ वस्तुमानाशी नसून इलेक्ट्रॉनांशी पडते. प्रकाशलहरीचं विद्युतक्षेत्र रेणूतले इलेक्ट्रॉन हलवतं. ते जितके सहज हलतील आणि जितके दाटीने असतील तितका प्रकाश मंदावतो. अल्कोहोलच्या रेणूतले कार्बन-हायड्रोजन बंध या बाबतीत पाण्यापेक्षा लवचीक आहेत. कमी घनतेने होणारं नुकसान भरून काढून ते वर शिल्लकही ठेवतात. घनता आणि ध्रुवणीयता (इलेक्ट्रॉन किती सहज हलतात ते) यांचं हे गणित मांडणाऱ्या सूत्राला लॉरेन्झ-लॉरेन्ट्झ म्हणतात. एक डेन्मार्कचा, दुसरा हॉलंडचा, दोघांनी ते वेगवेगळं शोधलं. ही नावं परीक्षेत उलटसुलट लिहून मी एकदा गुण घालवले आहेत.

म्हणजे एकच अल्कोहोल एका साक्षीदाराला कमी बोलायला लावतं आणि दुसऱ्याला जास्त. भाच्याच्या बीअरमध्ये हायड्रोमीटर अडीच टक्क्यांच्या आसपास साखर सांगेल, रिफ्रॅक्टोमीटर सहाच्या जरा वर (तेच ते १.०२४), आणि प्रत्यक्षात आहे सव्वाचार. तीही बहुतेक यीस्टला न पचणारी लांब साखळ्यांची. बीअर उकळून अल्कोहोल घालवलं आणि उडालं तेवढं पाणी परत भरलं, तर हायड्रोमीटर १.०१७ दाखवेल. कार्ल बॉलिंग नावाच्या प्रागच्या रसायनशास्त्रज्ञाने १९व्या शतकातच हा दिसणारा आणि खरा अर्क (द्रवात विरघळलेली साखर वगैरे) वेगळा केला होता. पाककृतींत छापलेलं १.०१० हे 'दिसणारं'च असतं, म्हणून तुलना हायड्रोमीटरशीच करायची. रिफ्रॅक्टोमीटर वापरायचाच तर पहिल्या दिवसाचा आकडा धरून दुरुस्ती करावी लागते.

आता फोनला आकडे पाठवणारे तरंगते सेन्सरही मिळतात. त्यावर फेस सुकून चिकटला की तेही तितक्याच आत्मविश्वासाने चुकतात. आणि आपल्याकडे तर आंबवण फसलं की अजून नजर किंवा विटाळ! लोणच्याला बुरशी आली की घरातल्या बाईला बोल, बरणी ओली होती का ते कुणी बघत नाही.

आंबणं खरोखर अडकतंही. धान्य ६५ऐवजी ७० अंशाला भिजवलं तर न पचणाऱ्या साखळ्या जास्त उरतात. यीस्ट थंडीने गारठतं. पण ते ठरवायला हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस तोच यायला हवा. घाईने बाटल्या भरल्या आणि साखर खरंच उरलेली असली, तर बाटल्या फुटतात.

रात्री भाच्याचा मेसेज आला: "हायड्रोमीटर १.०१३." फोटोत काचेच्या दांडीला बुडबुडे लगडलेले, तेच तिला वर उचलून धरत होते. त्याला म्हटलं, आजी चहा निववायची तसा दोन पेल्यांत वर-खाली ओत, वायू जाऊ दे, मग दांडीला बोटाने गिरकी दे.

पाच मिनिटांनी: "१.०१०. आणि ते दुसरं पाकीट सहा डॉलरचं होतं."