गाठीतून गेलेली मुंबई, पडद्यावरून परतलेली मुंबई

खानदेशात पोरगा कमवायला घर सोडून निघाला की म्हातारी माणसे अजून आधी हेच विचारतात, ‘मुंबईले का?’ सुरत आम्हाला जवळची, आमची कितीतरी कुटुंबे तिथे नांदतात. पण जीव जडला तो मुंबईवरच. ही ओढ सिनेमाने लावली असे बहुतेक जण धरून चालतात. माझ्या मते तिचे मूळ कापसात आहे, म्हणून मुंबईची पुस्तके, चित्रपट आणि पेहराव यांची पार्श्वभूमी सांगताना मी शेतातून सुरुवात करतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी ताडदेवला कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. १८६०च्या दशकात रूळ घाट चढून चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत पोहोचले, आणि नेमक्या त्याच दशकात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. वेचणीचा कापूस गाडीत पायांनी तुडवून भरायचा, जिनमध्ये सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुई दाबून पट्ट्यांनी आवळलेली टणक गाठ तयार व्हायची. ती गाठ रेल्वेने कुलाब्याच्या बाजारात जायची. पुढे हा बाजार शिवडीकडे हलला. हार्बर लाइनच्या एका स्टेशनाचे नाव आजही कॉटन ग्रीन आहे.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे, म्हणजे या तेजीच्या ऐन भरातले. मुंबईवर मराठीत एवढे सविस्तर पुस्तक त्याआधी झाले नव्हते. युद्ध संपले, १८६५ला भाव कोसळले, सट्टेबाजांसकट बँका बुडाल्या. पण गिरण्या वाढतच गेल्या. गिरण्यांमागून चाळी आल्या आणि चाळींमागून मराठी साहित्य. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधली (१९५८) मुंबई आम्ही मोठ्याने वाचून हसलो. जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३) आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) यांनी त्याच शहराची झोपडपट्टी आणि कामाठीपुरा समोर ठेवला. आमच्या दृष्टीने जवळचे पुस्तक मात्र ‘बिढार’, १९७५चे. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांच्या या कादंबरीचा नायक चांगदेव पाटील मुंबईत बिऱ्हाडे बदलत राहतो, त्यात गावाकडून गेलेल्या पोराचे परकेपण जसे उतरले आहे तसे मुंबईकर लेखकाच्या हातून उतरले नसते. हे मी आपला माणूस म्हणून म्हणत नाही. खोलीसाठी वणवण केलेल्या कुणालाही विचारून बघा.

पुस्तके वाचणाऱ्यांपर्यंत पोहोचली. बाकीच्यांना मुंबई दिसली ती जत्रेतल्या तंबूत. सारंगखेड्याला घोडेबाजार पाहून झाला की रात्री तंबूत सिनेमा. खाली अंगावरची चादर अंथरायची, मध्येच रीळ तुटले की अंधारात शिट्ट्या, आणि पडद्यावर पुन्हा मरीन ड्राइव्ह. समुद्र न पाहिलेल्या माणसांना त्या रस्त्याचे वळण पाठ होते.

पडद्यावरची मुंबई अंगावर चढवायचे काम शिंप्यांचे. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे मासिकातून कापलेली नटांची चित्रे खळीने भिंतीवर चिकटवलेली असत. गिऱ्हाईक बोट ठेवी, तो टेप काढी. ‘दीवार’ (१९७५) आला तेव्हा अमिताभने गोदी कामगाराचा निळा शर्ट कमरेशी गाठ मारून घातला होता. तो शर्ट चुकून लांब शिवला गेला म्हणून गाठ मारली, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. आमच्याकडे ही हकिकत कुणाला ठाऊक! पोरे शिंप्याला मुद्दाम सांगायची, ‘गाठीसाठी चार बोटं जास्त ठेवा, काका.’ बेलबॉटमची मोहरी इतकी रुंद असायची की सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून दोऱ्याने बांधावी लागे.

बायकांच्या पेहरावात मात्र मुंबईकडून आलेली सगळ्यात मोठी गोष्ट खानदेशचीच होती. स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५चा. पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणून आम्ही तिला शिरपूरचीच लेक मानतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले, आणि पुढे तिथे बातम्या वाचायला ती जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची. पडद्यावर दिसे ती फक्त सुती साडी, कपाळावर मोठे कुंकू आणि सावळा चेहरा. सावळ्या रंगाची लाज बाळगायला शिकवलेल्या आमच्याकडच्या मुलींना त्या चेहऱ्याने काय दिले, ते माझ्या आत्याच्या तोंडून मी ऐकले आहे. लग्नातल्या फोटोसाठी तिने पावडर लावायला साफ नकार दिला होता.

‘गमन’मध्ये (१९७८) नवरा मुंबईत टॅक्सी चालवतो आणि स्मिता गावाकडे वाट पाहत राहते. पत्राची वाट पाहणारे ते घर उत्तरेतले आहे, पण शिरपूर-शहाद्याच्या कुठल्याही गावात तसेच्या तसे सापडेल. ‘चक्र’ पडद्यावर आला तेव्हा (१९८१) झोपडपट्टीतली अम्मा तिने केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दळवींची मुंबई, शिरपूरकडची नटी. १३ डिसेंबर १९८६ला ती गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

तोवर गिरणगावही विझू लागले होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि बहुतेक गिरण्यांची धुराडी पुन्हा पूर्वीसारखी पेटली नाहीत. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातले घर याच पडझडीतले. कापड विणण्याचे काम गेले यंत्रमागांच्या गावांकडे, भिवंडीकडे, इचलकरंजीकडे आणि आमच्या उशाशी असलेल्या मालेगावकडे.

मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले तरी धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर आहे, मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच. तिथे नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास यंत्रमाग कामगारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. मुंबईचा सिनेमा, पण घोड्यांच्या जागी सायकली. शुक्रवारी माग बंद असत, त्या दिवशी शूटिंग व्हायचे. त्यांच्या धडपडीवर आधी माहितीपट निघाला, आणि २०२५मध्ये रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ मुंबईच्या थिएटरांत लागला. या वेळी तिकीट काढून मालेगाव बघत होती ती मुंबई.