तेल रोखून धरण्याची ताकद

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना तेलाच्या भावाचं गणित वेगळं शिकवायला नको. नळाला पाणी कमी आलं म्हणून कुणी आंघोळ सोडत नाही. टँकरवाला मागेल तो भाव सगळे मोजतात. पेट्रोल महागलं तरी ठाण्याहून वाशीला कामावर जावंच लागतं. म्हणून जगाच्या पुरवठ्यात दोन-तीन टक्क्यांची घट झाली, तरी भाव त्याच्या कितीतरी पट उसळतो.

हे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेला, म्हणजे ‘ओपेक’ला, नेमकं ठाऊक आहे. १९६० साली बगदादमध्ये इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला एकत्र आले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी उत्पादन घटवलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांतच बारा डॉलरच्या घरात गेलं.

तरीही ओपेक आज भाव ठरवत नाही. भाव बाजारातच ठरतो. ओपेक फक्त कुणी किती तेल काढायचं याचा कोटा ठरवते. आणि कोटा मोडायचा मोह सगळ्यांनाच. शेजाऱ्याने उत्पादन कमी करावं, भाव चढावा आणि आपण गुपचूप जास्त विकावं! १९८० च्या दशकात भाव सावरण्यासाठी सौदीने आपलं उत्पादन दिवसाला सुमारे एक कोटी पिंपांवरून तीसेक लाखांच्याही खाली आणलं. बाकीचे मात्र विकत राहिले. अखेर वैतागून सौदीने तेल मोकळं सोडलं, आणि १९८६ मध्ये भाव दहा डॉलरपर्यंत कोसळला. खरा वचक इथेच आहे: काही आठवड्यांत सुरू करता येईल अशी राखीव क्षमता मोठ्या प्रमाणावर सौदीकडेच आहे. बाजार त्या न काढलेल्या तेलालाही भितो.

अमेरिकेच्या शेल तेलाने, म्हणजे खडक फोडून काढलेल्या तेलाने, ही पकड ढिली केली, तेव्हा २०१६ मध्ये रशियासह आणखी काही देशांना सोबत घेऊन ‘ओपेक प्लस’ जमली. कोरोनात मागणीच आटली आणि भाव कोसळले, तेव्हा या गटाने दिवसाला ९७ लाख पिंपांची कपात ठरवली.

त्या स्वस्ताईचा फायदा आपल्याला कितपत झाला? मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क लिटरमागे १० रुपयांनी वाढवलं; घसरलेल्या भावाचा फायदा तिजोरीत गेला. त्यात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट होता, उर्वरित राज्यात २५. हा एक टक्क्याचा फरक मिटायला जुलै २०२४ उजाडला, आणि त्यात सौदीच्या राजधानीचा, रियाधचा, काहीच हात नव्हता.