नांगर की शिडं? ‘सी ऑफ थीव्ज’मध्ये जहाज थांबवण्याच्या दोन रीती

‘सी ऑफ थीव्ज’ हा रेअर कंपनीचा ऑनलाइन गेम 20 मार्च 2018 रोजी आला. तेव्हापासून त्यात नव्याने येणारा प्रत्येक खेळाडू जहाज थांबवायचं म्हटलं की नांगराकडेच धाव घेतो. त्यात चूक काही नाही. नांगर सोडला की साखळी खडखडत खाली जाते आणि जहाज थोड्याच अंतरात उभं राहतं. दुसरी रीत म्हणजे शिडं पूर्ण वर ओढायची आणि उरलेल्या वेगावर जहाजाला हळूहळू थंडावू द्यायचं. नवख्याला हा फक्त वेग कमी करायचा प्रकार वाटतो. पण शिडं पूर्ण गुंडाळलेली असली की जहाज नांगर टाकल्यासारखंच उभं राहतं.

या दोन रीतींनी थांबलेली जहाजं लांबून सारखीच दिसतात. फरक उघडा पडतो तो निघायच्या वेळी. नांगर पडायला क्षणभर लागतो, पण वर घ्यायचा तर कॅप्स्टनचे, म्हणजे साखळी गुंडाळणाऱ्या चरख्याचे, दांडे धरून गोल गोल फिरावं लागतं आणि एकट्याला ते फार वेळखाऊ होतं. शिडांचं नेमकं उलटं आहे: ती वर ओढायला वेळ लागतो, पण सोडली की भराभर खाली येतात. म्हणजे नांगर थांबताना वेळ वाचवतो आणि निघताना तो सगळा वसूल करतो, तर शिडांची किंमत थांबतानाच चुकती होते. या समुद्रावर थांबायची घाई क्वचितच असते. निघायची घाई मात्र क्षितिजावर दुसरं जहाज दिसलं रे दिसलं की सुरू होते. म्हणून सवय लावायची तर शिडांनी थांबायची लावावी, आणि नांगर ठरावीक कामांसाठी राखून ठेवावा.

शिडांनी थांबायचं कसं, हे आधी नीट बघू. प्रत्येक शिडाला दोन प्रकारचे दोरखंड असतात. एकाने शीड वर-खाली होतं, दुसऱ्याने ते वाऱ्याच्या दिशेला फिरतं. घाईत बरेच जण भलताच दोर धरतात आणि शीड वर जाण्याऐवजी नुसतं फिरत बसतं. थांबण्यासाठी फक्त पहिला दोर हवा. बेट जवळ येऊ लागलं की शिडं एकदम गुंडाळू नका. आधी निम्मी वर घ्या आणि वेग उतरतोय का बघा. मग पाव ठेवा, आणि धक्का समोर आला की पूर्ण ओढून घ्या. शिडं वर असताना जहाज कमी जागेत वळतं, त्यामुळे धक्क्याला समांतर लावायचं शेवटचं वळण याच टप्प्यात घ्यायचं. त्याच वेळी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, बाहेर, मोकळ्या समुद्राकडे येईल असं बघा. आत तोंड करून लावलेलं जहाज निघताना आधी वळवावं लागतं आणि वाचवलेला सगळा वेळ तिथेच जातो.

सुरुवात किती आधी करायची, ते जहाजाच्या प्रकारावर ठरतं. स्लूप या सर्वांत लहान जहाजावर जास्तीत जास्त 2 जण, 1 डोलकाठी आणि 2 तोफा. एकच शीड असल्यामुळे एकटा माणूसही ते वेळेत आवरतो. जुलै 2018च्या अखेरीस आलेल्या ब्रिगँटीनवर 3 जणांसाठी 2 डोलकाठ्या आणि 4 तोफा असतात. सर्वांत मोठ्या गॅलिअनवर 4 जण, 3 डोलकाठ्या, 8 तोफा. गॅलिअनची तिन्ही शिडं वर घ्यायला वेळ लागतोच, शिवाय त्या अजस्र जहाजाचा वेगही सहजासहजी मोडत नाही. एक माणूस चाकावर आणि तिघं एकेका शिडावर अशी वाटणी बेटाला पोचायच्या बरीच आधी झालेली असावी. एकाच शिडाला दोघं लागले तर ते लवकर वर जातं, पण तिसरं शीड तोवर वारा खात राहतं आणि जहाज सरळ खडकाकडे जातं.

या रीतीत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक बारीकशी आहे. शीड अगदी वरपर्यंत न ओढता जरासं खाली राहून जातं. तेवढ्या कापडावरही जहाज पुढे सरकत राहतं. तुम्ही बेटावर पेटी उकरत असता आणि तिकडे जहाज गुपचूप खडकावर जाऊन तळाला भोक पाडून घेतं. शीड टोकाला पोचेपर्यंत दोर सोडू नका, आणि उतरण्याआधी मान वर करून एकेक डोलकाठी बघा. वेग जास्त राहिला आणि धक्का हुकतोय असं वाटलं तर नाळेवरचे हार्पून, म्हणजे दोर बांधलेले भाले, आहेतच. 30 एप्रिल 2019च्या अपडेटपासून ते प्रत्येक जहाजावर आहेत. धक्क्यात किंवा खडकात हार्पून मारून दोर आत ओढला की नाळ त्या बाजूला खेचली जाते.

आता नांगर. त्याचं पहिलं खरं काम म्हणजे संकटात जहाज रोखणं. धुक्यातून अचानक खडक समोर आला आणि शिडांना वेळ नाही, तर नांगर सोडायचा, दुसरा विचारच करायचा नाही. खडकावर आदळून तळाला दोन-तीन भोकं पडली तर फळ्या लावण्यात आणि बादलीने पाणी उपसण्यात जो वेळ जातो, त्यापेक्षा नांगर वर घेणं स्वस्त पडतं.

दुसरं काम जास्त रंजक आहे: नांगरावर जहाज गर्रकन फिरवणं. पाठलाग करणाऱ्याच्या अंगावर अचानक उलटून तोफांची बाजू द्यायची असेल तर याला तोड नाही. यात क्रमाला फार महत्त्व आहे. जहाजाला चांगला वेग हवा. आधी चाक एका बाजूला टोकापर्यंत फिरवायचं, मगच नांगर सोडायचा. नाळ जागीच धरली जाते आणि मागचा भाग झपाट्याने फिरून येतो. नाळ हव्या त्या दिशेला यायच्या थोडं आधीच कॅप्स्टनवरच्या माणसाने दांडा ढकलायला लागायचं, आणि चाकावरच्याने चाक सरळ करत आणायचं. चाक मध्यावर आलं हे त्याच्या वेगळ्या दिसणाऱ्या दांड्यावरून आणि बारीक आवाजावरून कळतं.

बिघडतं ते याच जागी. चाक फिरवण्याआधीच नांगर पडला तर जहाज सरळच्या सरळ उभं राहतं आणि शत्रूला फुकटचं निशाण मिळतं. चाक सरळ करायचं राहिलं तर नांगर निघताक्षणी जहाज पुन्हा गोल फिरायला लागतं. आणि शिडांचा कोन सगळेच विसरतात. जहाजाची दिशा बदलली म्हणजे वारा आता वेगळ्या बाजूने येतोय. शिडं जुन्याच कोनात राहिली तर नांगर निघूनही जहाज रांगतं. आकाशातल्या वाऱ्याच्या पांढऱ्या रेघा बघून शिडं फिरवा. कोन जमला की शीड फुगतं आणि त्याचा आवाजही येतो.

कॅप्स्टनबद्दल आणखी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. नांगर अर्धा वर आलेला असताना सगळ्यांनी दांडे सोडले तर तो परत खाली जातो आणि केलेली मेहनत वाया. याची दुसरी बाजू फायद्याची आहे: कुणी चुकून किंवा मुद्दाम नांगर सोडला आणि तुम्ही जवळच असाल, तर तो पूर्ण खाली जायच्या आत दांडा पकडा. मग तिथूनच वर घेता येतो.

मुद्दाम सोडणारे भरपूर असतात. लढाईत तुमच्या जहाजावर चढलेल्या शत्रूला तलवारबाजीत वेळ घालवायची गरज नसते. नांगर पाडला की त्याचं निम्मं काम झालं. उभ्या जहाजावर त्याच्या साथीदारांचे तोफगोळे एकामागून एक बसतात. लढाईत स्वतःहून नांगरावर उभं राहणं म्हणूनच सर्वांत महागात पडतं. अँकरबॉल हा शापित गोळा तर लांबूनच हे काम करतो. तो लागला की नांगर आपोआप पडतो, आणि उपाय एकच: एकाने हातातलं काम टाकून कॅप्स्टनकडे पळायचं.

बेटावर गेल्यावर कुणी जहाज चोरेल म्हणून नांगर बरा, असं काही जण म्हणतात. चोराला नांगर वर घ्यायला वेळ लागतो हे खरं, पण संकट आलं की तेवढाच वेळ तुम्हालाही लागतो, आणि संकटं चोरांपेक्षा जास्त येतात. त्यातही नांगर टाकून शिडंही गुंडाळून ठेवणं सर्वांत वाईट, कारण निघताना दोन्ही कामं करावी लागतात. नांगर टाकलाच असेल तर शिडं खाली सोडलेली ठेवा. निदान नांगर निघाल्याबरोबर जहाज चालायला लागेल.

डेव्हिल्स रोअरमध्ये हा प्रश्न जिवावरचा होतो. 27 सप्टेंबर 2018 रोजी उघडलेल्या त्या भागात ज्वालामुखी पेटले की दगडांचा मारा डेकवर येतो, तळाला भोकं पडतात, आणि आजूबाजूचं पाणी उकळतं. त्या वेळी नांगर वर काढत बसलेली गॅलिअन बहुतेक बुडतेच. तिथे जहाज माऱ्याच्या टप्प्याबाहेर, शिडांवर थांबवायचं, आणि त्याच अपडेटसोबत आलेल्या होडीतून बेटावर जायचं.

हे सगळं दुसऱ्याचं जहाज ओळखायलाही कामी येतं. दुर्बीण लावा आणि नाळ बघा. साखळी पाण्यात गेलेली दिसली तर त्यांना निघायला वेळ आहे, तुम्हाला जवळ जाता येईल. साखळी नाही, शिडं घट्ट गुंडाळलेली आणि नाळ समुद्राकडे असेल, तर ते लोक तुमचं शीड दिसताक्षणीच सुटतील. अशा जहाजाच्या मागे लागण्याआधी वारा कुणाच्या बाजूने आहे ते बघा: समोरून येणाऱ्या वाऱ्यात स्लूप गॅलिअनला मागे टाकते, आणि पाठीवर वारा असला की तीच गॅलिअन स्लूपला गाठते.