के. सुब्रह्मण्यम : फाइल आणि अभ्यास यांच्या मधला माणूस

कारगिलची लढाई २६ जुलै १९९९ रोजी संपली आणि तीनच दिवसांनी वाजपेयी सरकारने चौघांची आढावा समिती नेमली. तिचे अध्यक्ष ना सेनानी होते, ना निवृत्त न्यायमूर्ती. ते होते सत्तर वर्षांचे माजी सनदी अधिकारी के. सुब्रह्मण्यम. सैन्याच्या चुका सैन्याबाहेरच्या माणसाने तपासाव्यात, हे तेव्हा अनेकांना खटकले होते. त्यांची निवड का झाली हे समजण्यासाठी १९६२ पर्यंत मागे जावे लागते.

तिरुचिरापल्लीत १९२९ साली जन्मलेले सुब्रह्मण्यम रसायनशास्त्र शिकून १९५१ मध्ये आयएएसमध्ये आले. चीनकडून झालेल्या पराभवानंतर कृष्ण मेनन पायउतार झाले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, त्या काळात ते संरक्षण मंत्रालयात होते. शेजारी देश काय करू पाहतो, याचा सलग आणि शिस्तशीर विचार करणारी जागाच देशात नाही, ही त्या पराभवाने उघडी पाडलेली मोठी उणीव होती. चव्हाणांच्याच कारकिर्दीत, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, ती भरून काढण्यासाठी संरक्षण अध्ययन आणि विश्लेषण संस्था, म्हणजे आयडीएसए, स्थापन झाली. मेजर जनरल सोम दत्त हे तिचे पहिले संचालक. सुब्रह्मण्यम तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सामरिक विषयांचा अभ्यास करायला गेले आणि परत आल्यावर १९६८ मध्ये संस्थेची सूत्रे त्यांच्याकडे आली.

इथून पुढची त्यांची वाटचाल सरळ रेषेत नाही, आणि माझ्या मते त्यांचे वेगळेपण त्यातच आहे. १९७५ पर्यंत संचालक, मग पुन्हा सरकारी सेवा, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्षपद, संरक्षण उत्पादन खात्याचे सचिवपद, आणि १९८० ते १९८७ पुन्हा आयडीएसए. फाइलवर शेरा मारणाऱ्याला तो धोरणात कसा उतरतो हे माहीत असते, पण मोकळेपणाने बोलता येत नाही. संशोधकाला बोलता येते, पण त्याचे म्हणणे फाइलपर्यंत पोचत नाही. सुब्रह्मण्यम यांनी या दोन्ही खुर्च्या पुन्हा पुन्हा बदलल्या.

त्या मोकळेपणाचा ठळक नमुना १९७१ चा. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली आणि आठवड्याच्या आतच दिल्लीतल्या एका परिसंवादात सुब्रह्मण्यम यांनी उघडपणे सांगितले की पाकिस्तानचे तुकडे होणे भारताच्या हिताचे आहे आणि अशी संधी पुन्हा येणार नाही. ते सरकारचे मत नव्हते. इंदिरा गांधी आणि जनरल माणेकशा यांनी पुढे आठ महिने थांबून तयारी केली. पण पाकिस्तानात हे वाक्य भारताच्या कारस्थानाचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे उगाळले गेले. सरकारी अनुदानावरच्या संस्थेच्या प्रमुखाने इतके स्पष्ट बोलावे का, हा प्रश्न रास्त आहे. तरीही चर्चेला धार आली ती अशा बोलण्यानेच, असे मला वाटते.

अण्वस्त्रांबाबत त्यांनी सर्वाधिक काळ किल्ला लढवला. चीनने ऑक्टोबर १९६४ मध्ये पहिली चाचणी केली होती. अण्वस्त्र प्रसारबंदी करार जगाची अण्वस्त्रधारी आणि अण्वस्त्रहीन अशी कायमची वाटणी करतो, म्हणून भारताने त्यावर सही करू नये, यावर ते ठाम राहिले. मात्र शेकडो अण्वस्त्रे बाळगावीत असे त्यांनी कधी म्हटले नाही. अण्वस्त्र हे लढण्यासाठी नसून शत्रूला परावृत्त करण्यासाठी असते आणि त्यासाठी मोजकी पुरतात, हा त्यांचा आग्रह होता. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळ स्थापन झाले. त्याचे पहिले निमंत्रक तेच. मंडळाने तयार केलेला अण्वस्त्र धोरणाचा मसुदा १७ ऑगस्ट १९९९ रोजी जाहीर झाला. आपण आधी वापर करायचा नाही, पण हल्ला झालाच तर प्रत्युत्तराची हमी ठेवायची, हे त्याचे सूत्र. जानेवारी २००३ मध्ये ते अधिकृत धोरणात आले.

एक प्रसंग त्यांच्या धोरणाशी थेट संबंधित नाही, तरी सांगायलाच हवा. ऑगस्ट १९८४ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान खलिस्तानवाद्यांनी पळवले आणि लाहोर, कराची करत दुबईला नेले. ते परत मिळवण्याच्या कामात परराष्ट्र सेवेतला एक तरुण अधिकारी होता. आज घरी येता येणार नाही, असे त्याने आईला फोनवर सांगितले आणि त्यानंतर त्याला कळले की ओलिसांमध्ये आपले वडीलही आहेत. तो अधिकारी म्हणजे सुब्रह्मण्यम यांचे पुत्र आणि पुढे परराष्ट्रमंत्री झालेले एस. जयशंकर. सारे प्रवासी सुखरूप सुटले.

आता कारगिल समिती. लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, पत्रकार बी. जी. व्हर्गीस आणि सदस्य-सचिव सतीश चंद्र हे उरलेले तिघे. समितीला कायद्याचे अधिकार नव्हते. तरीही काही महिन्यांत अहवाल तयार झाला आणि फेब्रुवारी २००० मध्ये तो संसदेत आला. गुप्तचर यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत, आणि पंतप्रधानांच्या प्रधान सचिवानेच राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे काम जोडीने करू नये, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्यानंतर मंत्रिगटाने चार कृतिदले (टास्क फोर्स) नेमली. सीमा व्यवस्थापनाच्या दलाचे नेतृत्व माजी गृहसचिव माधव गोडबोले यांच्याकडे होते. लष्करी गुप्तवार्ता पाहणारी डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आणि तांत्रिक साधनांनी गुप्तवार्ता गोळा करणारी एनटीआरओ या संस्था याच प्रक्रियेतून आल्या. मंत्रिगटाने सुचवलेले संरक्षण दलप्रमुखपद (सीडीएस) मात्र जानेवारी २०२० मध्ये भरले गेले. सुब्रह्मण्यम २ फेब्रुवारी २०११ रोजीच गेले होते.

१९९९ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊ केले गेले. नोकरशहाने आणि पत्रकाराने सरकारी सन्मान घेऊ नये, असे सांगून त्यांनी ते नाकारले.

कारगिल समितीची आणखी एक शिफारस मला फार महत्त्वाची वाटते: १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे अधिकृत इतिहास प्रसिद्ध करावेत. लोकांपुढे कागद आल्याशिवाय धोरणाची चर्चा कशाच्या आधारावर व्हायची? १९६२ च्या पराभवाची कारणे नोंदवणारा हेंडरसन-ब्रुक्स अहवाल सरकारने अजूनही खुला केलेला नाही, आणि कारगिल अहवालाचाही काही भाग गोपनीयच आहे.