पाच मिलिमीटरची फट: पाइनच्या टेबलात टाइल बसवताना

लाकूड घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं, "सीझन केलेला माल आहे, आता हलायचा नाही." सीझनिंगमुळे लाकडातलं पाणी निघून जातं, पण हवेतली वाफ पुन्हा ओढून घेण्याचा लाकडाचा स्वभाव तसाच राहतो. लाकूड पन्नास वर्षं जुनं असलं तरी पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. नागपूरच्या घराघरात याचा पुरावा आहे. ऑगस्टमध्ये खांदा लावून ढकलावा लागणारा दरवाजा एप्रिलमध्ये बोटानं उघडतो.

दरवाजा अडकला तर रंधा मारून भागतं. पण स्वयंपाकघरासाठी पाइनचं टेबल करायचं आणि त्यात गरम भांडं ठेवता येईल अशा टाइल्स बसवायच्या, हा बेत नवशिक्याला सोपा वाटतो आणि तिथेच गाडी अडते. पाइन हलतो, टाइल हलत नाही, आणि आपण दोघांना एकाच चौकटीत घट्ट कोंबायला निघालेले असतो.

आधी पाइन हलतो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. पाइन म्हणजे बारीक पोकळ नळ्यांची मोळी. एकेक नळी साधारण तीन मिलिमीटर लांब आणि जाडीला मिलिमीटरचा तिसावा हिस्सा. म्हणजे जाडीच्या जवळपास शंभर पट लांबी, आणि सगळ्या नळ्या खोडाच्या दिशेनं उभ्या. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं, काही नळ्यांच्या पोकळीत आणि काही नळ्यांच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी निघून गेलं तर लाकूड हलकं होतं, मापात फरक पडत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा उरला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंती मात्र भिजलेल्या असतात. इथून खाली उतरणारा प्रत्येक टक्का भिंतींतून जातो, आणि तेव्हाच लाकूड आकसायला लागतं.

त्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म दोर असतात. त्यांच्यावरचे हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. रेणू दोरांच्या मध्ये शिरले की दोर एकमेकांपासून दूर सरकतात. पऱ्हाट्यांची मोळी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक दोन काड्यांमध्ये ओलं फडकं घातलं तर मोळी जाड होईल, लांब होणार नाही. भिंतीच्या सर्वांत जाड थरात हे दोर नळीच्या लांबीशी जेमतेम १० ते ३० अंशांचा कोन करतात, म्हणून फुगवटा जवळजवळ सगळा आडवा जातो. पाइन ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत वर्षवलयांच्या कडेनं ७ ते ८ टक्के आकसतो आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेनं ४ ते ५ टक्के. लांबीत हा आकडा फक्त ०.१ ते ०.२ टक्के आहे.

दोन आडव्या दिशांत एवढा फरक का? गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या रांगा, म्हणजे किरण, त्या दिशेला ताणाच्या तारांसारखं धरून ठेवतात, हे एक कारण. दुसरं कारण पाइनच्या फळीवर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. प्रत्येक वलयात एक फिकट मऊ पट्टा आणि एक गडद टणक पट्टा असतो. टणक पट्टा जास्त आकसतो. वलयाच्या कडेनं तो शेजारच्या मऊ पट्ट्याला आपल्याबरोबर ओढत नेतो. गाभ्यापासून सालीकडे मात्र दोघे एकामागे एक उभे असतात, त्यामुळे दोघांच्या आकसण्याची नुसती सरासरी होते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फळ्या खोडाच्या कडेनं चिरलेल्या असतात, म्हणजे जास्त हलणारी दिशा नेमकी फळीच्या रुंदीत येते. हा चिरण्याचा प्रकार ओळखायला फळीचं टोक पाहावं. वलयांच्या रेषा कमानीसारख्या आडव्या पडल्या असतील तर फळी जास्त हलणारी. त्या उभ्या असतील तर ती उचलावी, कारण तिची हालचाल जवळपास निम्मी असते.

आता हे नागपूरच्या हवेला लावू. मे महिन्यात दुपारी हवेची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते, जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या आसपास असते. उघड्यावर ठेवलेलं लाकूड पहिल्या हवेत ४-५ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, दुसऱ्या हवेत १५ टक्क्यांच्या जवळ. घरात हा झोका थोडा लहान असतो, ७ टक्क्यांचा धरू. ओलावा एक टक्का बदलला की कडेनं चिरलेला पाइन रुंदीत सुमारे ०.२५ टक्का बदलतो. म्हणजे ६०० मिमी रुंद पाट्यात वर्षभरात १० मिमीचा फरक पडतो. ३०० मिमीच्या टाइलखालचा पाइन ५ मिमी सरकतो, आणि तीच टाइल तापमान ३० अंशांनी वाढलं तरी जेमतेम ०.०६ मिमी वाढते. दमटपणाचा तिच्यावर परिणाम होतच नाही म्हटलं तरी चालेल.

त्यामुळे सलग पाइनच्या पाट्यात खड्डा करून टाइल चिकटवली तर पुढचं ठरलेलं आहे. उन्हाळ्यात केलेलं टेबल असेल तर पावसाळ्यात खालचं लाकूड पसरतं, चिकटवणीचा तीन मिमीचा थर तेवढी ओढ सोसत नाही आणि टाइल सुटते किंवा मधल्या फटींतला भराव तडकतो. पावसाळ्यात केलेलं असेल तर मे महिन्यात चौकट टाइलला आवळते. जागाच नसल्यानं पाइन चिरतो. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. टाइलला टेकून फुगताना अडलेल्या लाकडाच्या पेशी चेंगरून कायमच्या दबून बसतात. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आकसलं की आधी नसलेली फट तिथे दिसते, आणि लोक सुताराला दोष देतात. शिवाय वरून टाइलनं झाकलेलं आणि खालून उघडं लाकूड एकाच बाजूनं ओलावा घेतं आणि पाट्याला वाक येतो.

अशा टेबलातून रात्री टक् टक् आवाज येतो. सांध्यात साठलेला ताण सुटतो, एवढंच कारण. त्यासाठी लिंबू-मिरची बांधायची गरज नाही, वास्तूची दिशा बदलायचीही नाही. पॉलिशच्या डब्यावरच्या "लाकूड शंभर टक्के सीलबंद" या दाव्यावरही विसंबू नये. पॉलिशमुळे वाफ आत-बाहेर जायला वेळ लागतो, पण तीन महिन्यांचा पावसाळा तेवढा वेळ देतो.

उपाय असा की टाइल न हलणाऱ्या पाट्यावर बसवायची आणि पाइन फक्त भोवतीच्या चौकटीत ठेवायचा. न हलणारा पाटा म्हणजे प्लाय. त्यातले थर एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे प्रत्येक थराची आडवी हालचाल शेजारचा थर आपल्या लांबीनं अडवतो. स्वयंपाकघरासाठी आयएस ७१० शिक्का असलेला, म्हणजे पाणी सोसणारा मरीन, १८ मिमी प्लाय घ्यावा.

मापं टाइलपासून सुरू करावीत. ३०० बाय ३०० मिमीच्या, ८ मिमी जाड सहा टाइल्स आधी जमिनीवर मांडून मोजा. छापील मापापेक्षा टाइल एक-दोन मिमी लहान निघते. मध्ये ३ मिमीच्या फटी धरून मांडणी ९०६ बाय ६०३ होते. चारही बाजूंना ५ मिमी सोडले की चौकटीची आतली जागा ९१६ बाय ६१३. चौकटीच्या पट्ट्या ९० मिमी रुंद, २९ मिमी जाड. पूर्ण टेबल साधारण १०९६ बाय ७९३ मिमी, चार माणसांना पुरेसं. २९ हा आकडा बेरजेतून येतो, १८ प्लाय, ३ चिकटवणी, ८ टाइल. टाइल्सचंच वजन सुमारे १० किलो भरेल, म्हणून पाय ७० मिमी चौरस ठेवावेत. पायांची उंची ७२० मिमी, त्यांना जोडणाऱ्या आडपट्ट्या ९० मिमी उंच.

पट्ट्यांच्या आतल्या खालच्या कडेला २५ मिमी रुंद आणि १८ मिमी खोल रिबेट, म्हणजे पायरीसारखी खाच, काढायचा. त्यात ९६४ बाय ६६१ मिमीचा प्लाय खालून बसतो. प्लायला गोंद लावायचा तो फक्त या रिबेटमध्ये. त्यामुळे पट्टीची आतली कड प्लायला बांधली जाते आणि वर्षभराची सगळी हालचाल, दीडेक मिमी, बाहेरच्या मोकळ्या कडेनं होते. टाइलजवळची फट जशीच्या तशी राहते. या सगळ्या रचनेचा जीव इथे आहे.

कोपऱ्यात तिरकस ४५ अंशांचा सांधा सुंदर दिसतो, पण तो करू नये. पट्टी रुंदीत आकसते आणि लांबीत नाही, म्हणून कापाचा कोनच बदलतो आणि उन्हाळ्यात सांधा आतल्या टोकाला उघडतो, पावसाळ्यात बाहेरच्या. लांब पट्ट्या पूर्ण लांबीच्या ठेवून आखूड पट्ट्या त्यांच्यामध्ये कुसवानं, म्हणजे टोकाला काढलेली जीभ समोरच्या खाचेत घालून, बसवाव्यात. कुसू ३० मिमी लांब, १० मिमी जाड, ५० मिमी रुंद, पट्टीच्या बाहेरच्या भागात. गोंद त्याच्या आतल्या निम्म्या रुंदीलाच. लांब पट्टीतला रिबेट टोकापर्यंत नेला तर कुसवाच्या खाचेभोवती लाकूड उरत नाही, तो आधी थांबवावा. टेबलाचा वरचा भाग आडपट्ट्यांना एल अँगलनं जोडताना १६ मिमीपेक्षा लांब स्क्रू वापरू नये, तो थेट टाइलला भिडेल. पाइनमध्ये स्क्रूआधी भोक पाडावंच लागतं, ४ मिमीच्या स्क्रूला अडीच ते तीन मिमीचं. नाहीतर टोकाजवळ फळी चिरते.

पाइन विदर्भात उगवत नाही. नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात, तो आयात मालातून किंवा परदेशी खोक्यांच्या फळ्यांच्या रूपात येतो. खोक्यांवरचा एचटी शिक्का म्हणजे लाकूड वाळवलेलं, हा मोठा गैरसमज आहे. कीड मारण्यासाठी गाभ्याचं तापमान ३० मिनिटं ५६ अंशांवर ठेवल्याची ती खूण आहे. अशी फळी आत ओलीही असू शकते. एमबी शिक्का असेल तर फळीला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ती जेवणाच्या टेबलाला घेऊ नये. फळ्या घरी आणून मध्ये २० मिमीच्या काड्या देऊन तीन आठवडे रचून ठेवाव्यात आणि त्यातला एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोलावा. आठवडाभर वजन हललं नाही की समजावं, लाकूड घराच्या हवेशी जुळलं. नेमका आकडा हवा असेल तर तोच तुकडा ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. ११० ग्रॅमचे १०० झाले तर ओलावा १० टक्के होता. संत्र्यांच्या दोन्ही बहारांची काढणी चालू असते ते महिने, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च, टेबल करायला उत्तम. तेव्हा लाकूड वर्षाच्या झोक्याच्या मधोमध असतं.

टाइल बसवण्याआधी चौकटीला वरून-खालून सारखेच पॉलिशचे हात द्यावेत आणि कडेला मास्किंग टेप लावावी, कारण ग्राउट, म्हणजे टाइलच्या फटींत भरायचा लगदा, पाइनच्या मऊ पट्ट्यांत शिरला की निघत नाही. पॉलिशआधी गाठींवर चपड्याचा हात मारावा, नाहीतर राळ वर येऊन पिवळे डाग पडतात. प्लाय ४० नंबरच्या पेपरनं खरबरीत करून प्रायमर द्यावा. चिकटवणीच्या पिशवीवर एस१ (म्हणजे थोडी लवचिक) आणि प्लायसाठी योग्य असल्याचा उल्लेख हवा, साधं सिमेंट इथे कुचकामी. ६ मिमी दातांच्या थापीनं थर द्यावा आणि टाइलच्या पाठीलाही पातळ लेप लावावा. दुसऱ्या दिवशी नाण्यानं वाजवून पाहावं. पोकळ आवाज आला तिथे खलबत्त्याचा पहिला घाव टाइल फोडेल.

टाइल्समधल्या ३ मिमीच्या फटी इपॉक्सी ग्राउटनं भराव्यात, सिमेंटच्या ग्राउटमध्ये हळद आणि तेल कायमचं मुरतं. भोवतालच्या ५ मिमीच्या फटीत मात्र ग्राउट अजिबात घालू नये. तिथे सिलिकॉन, तेही तळाला न चिकटता फक्त दोन बाजूंना चिकटेल असं, तळाशी टेपची पट्टी टाकून. तीन बाजूंना चिकटलेलं सिलिकॉन ताणताना फाटतं.

आणि टेबल कूलरच्या झोतात ठेवू नये. होळीनंतर खिडकीत कूलर बसला की त्याच्यासमोरचं टोक पावसाळ्यात आणि दुसरं टोक उन्हाळ्यात असल्यासारखं वागतं. एकाच पट्टीच्या दोन टोकांत ओलाव्याचा असा फरक पडला तर तिला पीळ पडतो आणि कोपऱ्याचा सांधा उचलतो. जागा दुसरी नसेलच तर झोताची दिशा वळवावी, आणि त्या बाजूच्या फटीतलं सिलिकॉन दर जूनमध्ये नखानं दाबून पाहावं. कडेपासून सुटलेलं दिसलं की तेवढाच तुकडा कापून नवा भरावा.