किनाऱ्यावर न थांबणारा झोत

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर घर करून राहिलेल्या ब्रिटिश निवृत्तांच्या गच्चीत एके काळी भलीमोठी डिश हमखास दिसायची. ज्या ब्रिटिश वाहिन्या लंडनमध्ये ४५ सेंटिमीटरच्या डिशवर लख्ख दिसतात, त्यासाठी इथे दीड-दोन मीटरची परात लागायची. उपग्रह मात्र तोच, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच, २८.२ अंश पूर्व रेखांशावर.

सिनेमे आणि सामने दाखवायचे हक्क देशापुरते विकले जातात, म्हणून वाहिन्या देशाबाहेर दिसू नयेत हे बघावं लागतं. खरी गोम तिथे आहे. २००३ साली बीबीसीने उपग्रहावरच्या आपल्या वाहिन्या विनाकार्ड, म्हणजे कुलूपबंद प्रक्षेपण उघडणाऱ्या कार्डाशिवाय, खुल्या केल्या, त्या ‘ॲस्ट्रा २डी’ या उपग्रहाच्या अरुंद झोतावरून, म्हणजे ब्रिटनवर रोखलेल्या लहरींवरून. कुलूप निघालं, आता राखण झोताने करायची.

पण लहरींना सीमारेषा कळत नाही. या लहरींची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. उपग्रहावरची अँटेना अडीच मीटरची धरली, तर विवर्तनामुळे, म्हणजे लहरी आपसूक पसरत असल्याने, झोत अर्ध्या-पाऊण अंशाहून फारसा बारीक होत नाही. जमिनीवर येईतो त्याचे चार-पाचशे किलोमीटर होतात. म्हणून ब्रिटनचा किनारा आला की झोत सुरीने कापल्यासारखा संपत नाही, विझत विझत जातो. आयर्लंड, बेल्जियम आपसूक भिजतात. स्पेनला पोचते ती नुसती धुगधुगी. ती वेचायची तर डिश मोठी हवी: व्यास चौपट केला की क्षेत्रफळ सोळापट.

फेब्रुवारी २०१४ मध्ये या वाहिन्या ‘ॲस्ट्रा २ई’च्या आणखी आवळलेल्या झोतावर गेल्या आणि स्पेनमधल्या कित्येक परातींवर अंधार झाला. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर अशा वेळी निदान मुंग्यांआडून चित्र दिसायचं. डिजिटलमध्ये चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा.

मग लोक इंटरनेटकडे वळले. तिथे अडवणूक भौतिकशास्त्राची नाही, यादीची. तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, ब्रिटनमधल्या यादीत नसेल तर बीबीसीची ऑनलाइन सेवा आयप्लेयर दार उघडत नाही. व्हीपीएन तुमची मागणी ब्रिटनमधल्या संगणकामार्फत पाठवून पत्ता बदलतो, पण ते नियमात बसत नाही आणि असे पत्ते ओळखून बंदही केले जातात. मला विचाराल तर परातीत जास्त मजा होती.

गंमत म्हणजे २८.२ अंशांवरची ती जागा मुंबईतूनही नजरेच्या टप्प्यात आहे: पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ३५ अंश वर. डिश तिकडे वळवायला काहीच हरकत नाही. ब्रिटनवर रोखलेला झोत इकडे फिरकतच नाही, एवढंच.